ब्रोमीनच्या बाटलीतला चहा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय प्राचार्य महोदय, वेळात वेळ काढून आलेले संस्थेचे माननीय कार्यवाह, व्यासपीठावरचे ज्येष्ठ प्राध्यापक, आजचे सत्कारमूर्ती, रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख आणि माझे गुरू, ज्यांना चौतीस वर्षांत या इमारतीत कोणी नावानं हाक मारली नाही, नुसतं 'सर' म्हटलं, त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या काकू, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि खुर्च्या संपल्यामुळे मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले कार्यालयातले आणि प्रयोगशाळांमधले कर्मचारी, ज्यांचा उल्लेख अशा यादीत सगळ्यात शेवटी येतो, तोही बहुतेक वेळा 'आणि इतर' म्हणून. सर्वांना माझा नमस्कार.

मला सात मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी मघाशी विचारलं, "काय बोलणार आहेस?" मी म्हटलं, "सरांनी शिकवलेला एक धडा." त्या म्हणाल्या, "छान. भावुक होऊ नकोस, जेवण गार होतं." मी भावुक होणार नाही, असा शब्द दिला आहे.

धडाही मी निवडलेला नाही. सरांनीच सांगितला. तीन आठवड्यांपूर्वी मी त्यांच्या खोलीत वेगळ्याच कामासाठी गेले होते. ते काम झालं नाही, पण निघताना सर म्हणाले, "समारंभात तू बोल. इलेक्ट्रोमेरिकचा तास सांग. मुलांना आवडतो." आज्ञा गुरूची आहे. सांगते.

सभागृहात सगळेच रसायनशास्त्राचे नाहीत. त्यांच्यासाठी सरांचेच शब्द वापरते. फळ्यावर दोन कार्बन काढायचे, मध्ये दोन रेषा, म्हणजे दुहेरी बंध. सर म्हणायचे, "खालची रेषा घर धरून ठेवते. वरची रेषा दारावर टकटक झाली की उठते." एरवी हा रेणू शांत असतो. दोन्ही कार्बनांचा वरच्या रेषेवर सारखा हक्क. पण बाहेरून एखादा अभिकर्मक, म्हणजे अभिक्रिया घडवायला निघालेला पाहुणा, जवळ येऊ लागला, की वरच्या रेषेतले दोन्ही इलेक्ट्रॉन अख्खेच्या अख्खे एका कार्बनकडे सरकतात. एकाकडे दोन, दुसऱ्याकडे शून्य. पाहुणा तसाच माघारी गेला, की पुन्हा सगळं पहिल्यासारखं. म्हणून या इलेक्ट्रोमेरिक परिणामाला तात्पुरता परिणाम म्हणतात.

हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. सरांनी ते कसं शिकवलं, ते सापडणार नाही. तासाच्या मध्येच ते वर्गाबाहेर गेले आणि दार लावून घेतलं. आमच्या गप्पा सुरू. दोन मिनिटांनी बाहेरून कडी वाजली. अख्खा वर्ग सावरून बसला. कोणी वही उघडली, कोणी बाकाखालचा डबा पायानं आत सारला, शेवटच्या बाकावरचा एक जण तर चक्क उठून उभा राहिला. कोणीच आत आलं नाही. पुन्हा गप्पा. पुन्हा कडी. पुन्हा सगळे ताठ. मग सर दार किलकिलं करून म्हणाले, "बघितलंत? मी आलोच नाही. नुसती चाहूल लागली, तर तुमची मांडणी बदलली. गेलो की परत तेच." आम्ही हसलो. मग सर खरंच आत आले, सरळ तिसऱ्या बाकाशी आले आणि आम्हा तिघींच्या मध्ये बसले. बाक तिघांचाच होता. माझ्या शेजारच्या मुलीला उठावं लागलं. सर म्हणाले, "आता? आता मी माघारी गेलो तरी ही म्हणेल, मला उठवलं होतं. पुस्तकात 'तात्पुरता' लिहिलंय म्हणून फसू नका. पाहुणा दारातून परतला तरच तात्पुरता. आत आला, बसला, बंध जुळला, की तो नवा पदार्थ. मग जुनं सूत्र लिहू नका."

मी तिसऱ्या बाकावर होते. तेव्हा ठरवलं की आपण हेच करायचं. असंच शिकवायचं.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नाही. वडील लिफ्ट दुरुस्त करतात. दुसऱ्या वर्षानंतर घरात ठरलं होतं की पुरे झालं, आता औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहील. तेव्हा सर आमच्या घरी आले. पाच मजले चढून आले, कारण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. धापा टाकत बसले आणि वडिलांना म्हणाले, "लिफ्टवाल्याच्या घरी यायला पाच जिने, हे बरं आहे." वडील हसले. सर म्हणाले, "मुलगी हुशार आहे. मधल्या मजल्यावर उतरवू नका." एवढंच म्हणाले. वडिलांनी दुकानदाराला 'नको' म्हणून कळवलं. काकू, तुम्हाला कदाचित हे माहीत नसेल. सर अशा गोष्टी घरी सांगत नसतील. माझ्यावर त्यांचे जे उपकार आहेत ते मी आज फेडणार नाही, विसरणारही नाही. हे सुरुवातीलाच बोलून ठेवते, कारण नंतर त्यासाठी जागा राहणार नाही.

आता ज्या दुसऱ्या माणसाकडून मी शिकले, त्यांच्याबद्दल.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले परिचर. त्यांना सगळे 'ब्युरेटमामा' म्हणायचे, कारण कुठल्याही ब्युरेटची, म्हणजे द्रव मोजायच्या लांब काचनळीची, अडकलेली तोटी ते दोन बोटांनी सोडवायचे. ती तोटी आमच्याकडून सुटली तर हमखास तुटूनच सुटायची. सर आणि मामा एकाच आठवड्यात इथे रुजू झाले. दोघांची निवृत्तीही याच महिन्यात. तुमच्या हातातल्या पत्रिकेत एकच नाव आहे. छपाईची चूक नाही ती.

मी विद्यार्थिनी असताना मामा मला "ए मुली" म्हणायचे. तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवायला लागले, त्या दिवसापासून "मॅडम". मी म्हटलं, "मामा, मला कशाला मॅडम म्हणता?" म्हणाले, "मॅडम म्हटलं की माणूस फ्लास्क कमी फोडतो. अनुभव आहे."

गेल्या वर्षी तपासणी समिती आली. इथे बसलेल्या प्रत्येकाला तो आठवडा आठवत असेल. समिती अजून यायची होती, नुसती तारीख आली होती, आणि ही इमारत सरकू लागली. वाचनालयातल्या खुर्च्या प्रयोगशाळेत आल्या. शेजारच्या महाविद्यालयातून दोन तराजू आले, त्यांच्यावरचं नाव झाकायला आमचं नाव चिकटवलं गेलं. जिन्यावर कुंड्या आल्या. धूर ओढून घेणाऱ्या कपाटाचा पंखा तीन वर्षं बंद होता, तो तीन दिवसांसाठी फिरू लागला. आणि माझ्यासकट चौघी तात्पुरत्या शिक्षिका कागदावर तीन दिवसांसाठी कायम झालो. हसू नका, माझ्याकडे ओळखपत्र आहे. त्यावर 'सहायक प्राध्यापक' असं छापलंय आणि त्याची मुदत समिती गेली त्या बुधवारीच संपली.

अडचण रसायनांच्या कपाटाची होती. निम्म्या बाटल्या रिकाम्या. सर म्हणाले, "कपाट भरलेलं दिसलं पाहिजे." कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. आपल्याकडे सांगत नाहीत, पण समजायचं असतं. मी समजले. मामांना घेऊन बसले आणि बेचाळीस बाटल्या भरल्या. निळ्यात निळीचं पाणी, पिवळ्यात हळदीचं, बिनरंगी बाटल्यांत नळाचं. लेबलं मी नव्यानं लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे, याचं मला तोपर्यंत कौतुक होतं.

ब्रोमीनच्या पाण्याची बाटली आली तेव्हा मामा थांबले. तो संवाद मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"यात नको, मॅडम."

"का?"

"बाकीच्यांत काय वाटेल ते भरा. त्यांचं चुकलं तर साका बसत नाही, रंग येत नाही, पोरं बोंबलतात, आपल्याला कळतं. ब्रोमीनचं चुकलं तर काहीच होत नाही. आणि ब्रोमीनच्या परीक्षेत काहीच न होणं हेही उत्तर असतं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्या रेणूत मघाची ती वरची, सैल रेषा असते, त्यात ब्रोमीनचं पाणी टाकलं की त्याचा तांबूस रंग नाहीसा होतो. रंग गेला, तर दुहेरी बंध आहे. रंग राहिला, तर नाही. मी पाच वर्षांत जे शिकले होते, त्याचं मर्म मामांनी एका वाक्यात सांगितलं. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, मामा." आणि कार्यालयातल्या थर्मासमधला बिनदुधाचा चहा मागवून, पाणी घालून पातळ केला, आणि माझ्या हातानं त्या बाटलीत ओतला. रंग हुबेहूब जमला होता.

मामांनी मग एक केलं. भरलेल्या प्रत्येक खोट्या बाटलीच्या गळ्याशी पांढरा दोरा बांधला. "समिती गेली की दोरेवाल्या बाटल्या मोरीत," म्हणाले. चौतीस वर्षांची सवय होती त्यांची. फुटकं काचपात्र असो, जुनं द्रावण असो, ज्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही त्याच्या गळ्याशी दोरा. बुधवारी सकाळी सरांनी कपाट पाहिलं आणि विचारलं, "हे दोरे कसले? गबाळं दिसतंय. काढा." मामा पलीकडच्या खोलीत तराजू पुसत होते. मी कात्री घेतली आणि बेचाळीस दोरे कापले. मामांना विचारलं नाही. त्यांना फक्त नंतर सांगितलं. ते कपाटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग आता लक्षात कोण ठेवणार?" मी म्हटलं, "मी."

समिती आली, हस्तांदोलनं झाली, समिती गेली. संध्याकाळपर्यंत तराजू परत गेले, कुंड्या परत गेल्या, पंखा बंद झाला. इलेक्ट्रोमेरिक परिणामाचं याहून सुंदर प्रात्यक्षिक मी पाहिलेलं नाही. गुरुवारपासून मामा रजेवर होते, मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी एकटीनं बाटल्या रिकाम्या केल्या. एक्केचाळीस. बेचाळिसावी राहिली. तिच्यावरचं लेबल मी सगळ्यात मन लावून लिहिलं होतं, आणि ती मलाच खरी वाटली.

सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती. बावीस विद्यार्थी. प्रत्येकाच्या परीक्षानळीत दुहेरी बंध असलेला पदार्थ. बावीस जणांनी माझा चहा त्यात टाकला. रंग गेला नाही. ब्रोमीनचा वास नाकात चढतो, पण आमच्याकडचं ब्रोमीनचं पाणी नेहमीच जुनं असायचं, त्यामुळे वास आला नाही याचं कोणाला नवल वाटलं नाही. फक्त एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, "मॅडम, याला चहाचा वास येतोय."

मी पर्यवेक्षक होते. मला त्या क्षणी सगळं कळलं. आणि मी म्हटलं, "परीक्षेत बोलायचं नाही. आपलं काम करा."

ती मुलगी आज इथे आहे की नाही, मला दिसत नाही. तिनं आपलं काम केलं. उत्तरपत्रिकेत निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं, 'रंग गेला नाही. द्रावणास चहाचा वास येतो.' बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते वाचलं, बाटली मागवली, हुंगली आणि पुढे जे व्हायचं ते झालं. परीक्षा पुन्हा घेतली गेली, मुलांचं नुकसान टळलं. राहिला प्रश्न की हे केलं कोणी.

माझे वडील एक गोष्ट सांगतात. लिफ्टमध्ये वजन जास्त झालं की घंटा वाजते आणि दार लागत नाही. सगळे एकमेकांकडे बघतात. कोणाच्या अंगात कोट असतो, कोणाच्या हातात फायली असतात. उतरतो कोण? सगळ्यात शेवटी चढलेला नाही, सगळ्यात जाडजूडही नाही. ज्याला "तू उतर" असं म्हणता येतं, तो उतरतो. तीस वर्षांत याला अपवाद पाहिला नाही, म्हणतात.

सरांनी मामांना बोलावलं. मीही त्या खोलीत होते. सर म्हणाले, "चौकशी समितीला एक नाव हवंय. तुम्ही निष्काळजीपणा मान्य करा. महिनाभर घरी बसा. एकदा विभागाची मान्यता आली की सगळं पूर्ववत. मी आहे ना." मामा म्हणाले, "सर, तुम्ही म्हणताय म्हणून." आणि सही केली. एकाच आठवड्यात रुजू झालेली दोन माणसं. मामांनी कागद वाचलासुद्धा नाही.

मग कागद माझ्याकडे आला. साक्षीदाराचा. त्यावर दोन वाक्यं होती. 'अभिकर्मकांच्या बाटल्या भरणे ही जबाबदारी प्रयोगशाळा परिचर यांची होती. सदर बाटली त्यांनीच भरली.' मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "तुझी नेमणूक तात्पुरती आहे. हेही तात्पुरतंच आहे."

रसायनशास्त्रात एक कायमचा परिणामही असतो. शेजारी क्लोरीन बसला की इलेक्ट्रॉन त्याच्याकडे थोडे कललेलेच राहतात, पाहुणा येवो न येवो. आमच्या घरात तो परिणाम पिढ्यान् पिढ्या आहे. ज्याच्या हातात शिक्का, त्याच्याकडे आम्ही थोडे कललेले असतो. हे कारण आहे. सबब नाही. मी सही केली. अक्षर चांगलं आलं.

चिठ्ठी मिळाली, मॅडम. वेळ संपला आहे, मला कल्पना आहे. थोडं राहिलंय. कार्यवाह साहेब, आपल्यालाही पुढे जायचंय, पण आपण चौकशी समितीचे अध्यक्ष होता. आपण बसावं, अशी विनंती आहे.

मान्यता आली. चांगली श्रेणी आली. दाराशी फलक लागलाय, येताना आपण वाचला असेल. महिना झाला, दोन झाले. मामांचं 'पूर्ववत' आलं नाही, बडतर्फीचं पत्र आलं. त्यांच्या जागेवर माणूस भरला. अकरा महिने झाले. मी या काळात दहा वेळा तरी इलेक्ट्रोमेरिक परिणाम शिकवला. छान शिकवते, असं मुलं म्हणतात. दाराबाहेर जाऊन कडी वाजवते. पण आत येऊन बाकावर बसायचा जो भाग आहे ना, तो मी गाळत आले.

महिन्यापूर्वी मी मामांकडे गेले. मामींनी दार उघडलं. मला ओळखलं आणि आत बघून म्हणाल्या, "या. तुमच्या मॅडम आल्यात, बाटली आहे का बघा हातात." मग मलाच सांगू लागल्या, "चौतीस वर्षं रोज सकाळी माझा चहा 'पाणचट' म्हणून नावं ठेवणारा माणूस हा. आणि याला म्हणे चहा ओळखू आला नाही."

मामा ओशाळून हसले. मी माफी मागितली. ते म्हणाले, "बसा. माफीचं काय घेऊन बसलात." मी म्हटलं, "मामा, नोकरीसाठी मी प्रयत्न करते." म्हणाले, "नोकरी आता काय महिन्याची. नको. माझ्या सेवापुस्तकात शेवटची ओळ काय आहे माहितीय? 'अभिकर्मकांतील फरक ओळखण्यास असमर्थ.' ती ओळ खोडता आली तर बघा. नातवानं वाचली ती. त्यानं विचारलं, असमर्थ म्हणजे काय."

त्याच कामासाठी मी तीन आठवड्यांपूर्वी सरांच्या खोलीत गेले होते. म्हटलं, "सर, ती ओळ खोटी आहे. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, मामांना माहीत आहे." सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "आता सगळं शांत झालंय. निरोपाच्या तोंडावर कशाला? आणि समारंभानंतरच्या सोमवारी तुझी कायम नेमणुकीची मुलाखत आहे. निवड समितीवर कार्यवाह आहेत." मी म्हटलं, "सर, तुम्हीच शिकवलंत ना, बंध जुळल्यावर जुनं सूत्र लिहायचं नाही." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "समारंभात तू बोल. इलेक्ट्रोमेरिकचा तास सांग."

सर, त्या दिवशी तुम्ही विषय बदललात, की मला वाट करून दिलीत, हे मला अजून कळलेलं नाही. मी बराच विचार केला. राग येतो तेव्हा पहिलं खरं वाटतं. पाच जिने आठवतात तेव्हा दुसरं. तुम्हीच सांगू शकाल.

घरी मी सांगितलं की शनिवारी मी असं असं करणार आहे. आई म्हणाली, "सोमवारी मुलाखत आणि शनिवारी आग लावतेस? मंगळवारी लाव." वडील जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "मंगळवारी ती कायम झालेली असेल. कायम झालेली माणसं आग लावत नाहीत." आई रागानं उठून गेली. ती आज आलेली नाही. तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पाच जिने रोज उतरून तीच माझा डबा द्यायला यायची.

आज सकाळी दहा चाळीसला मी कार्यालयात एक अर्ज दिला. माझी चौकशीतली साक्ष खोटी आहे. बाटली मी भरली, लेबल मी लिहिलं, खुणेचे दोरे मी कापले, परीक्षेत विद्यार्थिनीला गप्प मी केलं. परिचरांनी या गोष्टीला स्पष्ट विरोध केला होता. मी माझी सही मागे घेते, आणि त्यांच्या सेवापुस्तकातली शेवटची ओळ रद्द करून त्यांना सन्मानानं निवृत्त करावं, अशी विनंती करते. आवक विभागातले काका अर्ज वाचून म्हणाले, "मॅडम, आज? आज जेवण आहे." मग म्हणाले, "पेनानं लिहिलाय. पेन्सिलनं लिहून आणा, सोमवारपर्यंत माझ्याकडे राहू द्या." त्यांना माझी काळजी होती, मला माहीत आहे. मी म्हटलं, "शिक्का मारा." त्यांनी मारला. मागे भिंतीशी उभे आहेत ते. त्यांचा यात काही दोष नाही, हेही नोंदवावं.

अर्जाच्या प्रती प्राचार्य महोदय आणि कार्यवाह साहेब यांच्यापुढच्या पाकिटांत आहेत. त्यावर शुभेच्छापत्र असं लिहिलंय. तेवढी एक लबाडी मी केली, नाहीतर ती पाकिटं व्यासपीठापर्यंत पोचली नसती.

मामांना मी आज बोलावलं होतं. म्हणाले, "मला बोलावणं नाही. आणि बोलावणं नसताना यायला मी काय तपासणी समिती आहे?" पण ते घरी आहेत. त्यांचं घर इथून चालत वीस मिनिटांवर आहे आणि जेवणाला अजून अर्धा तास आहे.

एका माणसाच्या साक्षीनं ती ओळ रद्द होत नाही. मी तसं विचारून घेतलं. दोघांची लागते. ज्या खोलीत हे ठरलं, तिथे मामा सोडून आम्ही दोघंच होतो. एक मी. माझा कागद गेला आहे.

या समारंभात बोलण्याची संधी दिल्याबद्दल विभागाची, सूत्रसंचालक मॅडमची, ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्यांची आणि इतका वेळ खुर्चीत चुळबुळ करत का होईना, ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा उल्लेख राहिला असेल, कोणाचं पद चुकलं असेल, आवाज चढला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर आपण मोठ्या मनानं पदरात घ्यावं. त्या साक्षीच्या कागदावरची सही मात्र पदरात घेऊ नये. तिच्यासाठी जी शिक्षा ठरेल, ती मला कळवावी. सोमवारी मी मुलाखतीला येणार आहे, आत घेतलं तर.

कार्यक्रमपत्रिकेनुसार माझ्यानंतर सत्कारमूर्तींचं मनोगत आहे. सर, माइक चालू आहे. सभागृह भरलेलं आहे, आणि आपण काय म्हणता याची मी इथेच, पहिल्या रांगेच्या कडेला उभी राहून वाट बघते.